भाचा १३ वर्षांचा, रेसिंगचं खूळ डोक्यात बसलंय, सुरुवात नक्की कुठून करायची?

सांगलीचा_मामा:
नमस्कार मंडळी. भाचा आठवीत आहे, सुट्टीत कोल्हापूरला कार्टिंगला नेला होता आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. चेन्नईत २०२४ ला रात्री रस्त्यावर फॉर्म्युला ४ ची रेस झाली होती ना, तिचे व्हिडिओ रोज बघतो आणि म्हणतो मामा मी १५ चा झालो की डायरेक्ट ह्याच्यातच बसणार. १५ ची अट खरी आहे म्हणे. पण माझा गोंधळ असा की ऑफिसातला एकजण सांगतो फॉर्म्युला ४ कोइम्बतूरला असते आणि साधी मध्यमवर्गीय पोरं पण चालवतात, आणि इकडे नेटवर वाचावं तर कोटींच्या खाली कोणी बोलत नाही, मग खरं काय? दाजी म्हणतात आधी दहावी होऊ दे. वर्षाला एक जुनी अल्टो येईल एवढंच आमचं बजेट आहे, त्याच्या वर नाही. आणि जाता जाता, मी २६ चा आहे, माझ्यासारख्याला काही स्कोप असेल तर तेही सांगा, हसू नका 😅

ट्रेलब्रेक_पुणे:
दोन्ही खरंय, कारण आपल्याकडे फॉर्म्युला ४ नावाच्या दोन पूर्ण वेगळ्या गाड्या आहेत आणि त्यात भलेभले घोळ घालतात. तुमच्या ऑफिसातला सांगतोय ती एलजीबी फॉर्म्युला ४. कोइम्बतूरच्या एलजीबीवाल्यांची गाडी, पाइपची फ्रेम, मागे मारुती स्विफ्टचं १३०० सीसी इंजिन, जेके टायरच्या नॅशनल चॅम्पियनशिपमध्ये धावते. चेन्नईच्या रस्त्यावर भाच्याने बघितली ती एफआयएची (म्हणजे जगभरच्या मोटर रेसिंगची संघटना) एफ४ इंडियन चॅम्पियनशिप, २०२३ ला सुरू झालेली. फ्रान्सच्या मिगालची कार्बन फायबरची चॅसी म्हणजे सांगाडा, डोक्यावर हेलो म्हणजे ड्रायव्हरला वाचवणारी कडी, आल्पीनचं टर्बो इंजिन. गंमत म्हणजे हे इंजिन पण १.३ लिटरचंच, पण गाडी चालवायला आणि बिल भरायला दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक.

मेन फरक लायसन्सच्या पॉइंटचा. एफ१ मध्ये बसायला सुपर लायसन्स लागतं, त्याला तीन सीझनमध्ये मिळून ४० पॉइंट. एफआयएच्या एफ४ चा चॅम्पियन झालात तर १२ मिळतात. एलजीबीत शून्य. म्हणून बाहेरची पोरं पण इथे येतात, पहिल्या सीझनचा चॅम्पियन ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर, दुसऱ्याचा दक्षिण आफ्रिकेचा अकील अलीभाई. नावात इंडियन असलं तरी समोर कोण उभं राहतं बघा, त्यामुळे १५ पूर्ण झाले आणि डायरेक्ट बसलो असं होत नाही, तोपर्यंत ती पोरं कित्येक वर्षं कार्टमध्ये घासलेली असतात.

आणि सुट्टीत चालवली ती भाड्याची कार्ट, चार स्ट्रोकची, बंपर लावलेली. खरी रेस कार्ट म्हणजे १२५ सीसी टू स्ट्रोक, सस्पेन्शन नाहीच, एका सेशननंतर बरगड्या बोलायला लागतात, म्हणून रिब प्रोटेक्टर घालतात. रोटॅक्स इंजिनवाल्या कार्टमध्ये वयाप्रमाणे मायक्रो मॅक्स, ज्युनियर मॅक्स, सीनियर मॅक्स असे क्लास असतात. आधी त्याला ह्याच्यात बसवा, मग कळेल खूळ आहे का आवड.

कार्टवाली_आई:
माझी मुलगी कार्टिंग करते म्हणून लिहितेय, आम्ही ठाण्याचे. मामा, १३ म्हणजे उशीर झाला असं कोणी सांगितलं तर लगेच घाबरू नका. रेसर जेहान दारुवाला मुंबईचाच, त्याने २०११ ला सुरुवात केली तेव्हा तोही साधारण ह्याच वयाचा होता आणि २०१३ ला ब्रिटनची ज्युनियर कार्टिंग चॅम्पियनशिप जिंकला. पण मधल्या दोन वर्षांत त्याच्यामागे रेयोमंद बनाजींसारखा कोच होता आणि फोर्स इंडिया ह्या एफ१ टीमच्या टॅलेंट हंटमधून निवड झाली होती, हे पण लक्षात घ्या.

खर्चाचं असं आहे की इंजिन, चॅसी हे सगळे विचारतात, टायरचं कोणी विचारत नाही. टायर संपतात हो, आणि नवीन सेटवर जो स्पीड येतो तो जुन्यावर येत नाही, मग प्रॅक्टिस जुन्यावर आणि रेस नव्यावर असं करावं लागतं. वर इंजिन ठरावीक तास चाललं की उघडून रिबिल्ड, मेकॅनिक, एन्ट्री फी. आणि रेस बऱ्याचदा बंगळुरू, चेन्नई, कोइम्बतूरकडे, म्हणजे शुक्रवारची शाळा गेलीच. तुम्हाला त्यातल्या त्यात बरं, कोल्हापूरला मोहितेंचा ट्रॅक जवळ आहे, नॅशनलचे राऊंड पण झालेत तिथे.

एक नक्की करा, कुठल्याही टीमशी बोलताना कार्ट ठोकली तर कोण भरणार हे कागदावर घ्या. आमच्याकडून एका टीमने एक्सल वाकल्याचं बिल नंतर महिनाभराने काढलं आणि लिहिलेलं काहीच नव्हतं, भांडून उपयोग झाला नाही. आणि सुरुवातीला कार्ट विकत घेऊच नका, पोरं ह्या वयात भराभर वाढतात, सीट बदलावी लागते, क्लास बदलतो. टीमची कार्ट रेसपुरती भाड्याने मिळते तेवढी घ्या.

स्पष्टच_बोलतो:
सगळे गोड बोलतायत म्हणून मी बोलतो. ते पैसे पोराच्या शिक्षणाला ठेवा. जेहान एफ२ मध्ये, म्हणजे एफ१ च्या एक पायरी खाली, रेस जिंकला, रेड बुलच्या ज्युनियर टीममध्ये होता, तरी एफ१ ची सीट मिळाली नाही, इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ई ला गेला. आपलाच कुश मैनी २०२५ ला मोनॅकोत एफ२ ची स्प्रिंट रेस जिंकला, तरी त्या वर्षी एफ१ मध्ये रिझर्व्ह म्हणजे राखीव ड्रायव्हरच होता. एवढे पोचलेले लोक दारात उभे आणि आपण सांगलीतून अल्टोच्या बजेटमध्ये निघालोय.

जुना_गॅरेजवाला:
स्पष्ट साहेब, एफ१ लाच जायचं असं मामा कुठे म्हणाले? आपल्याकडे गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या पोराला कोणी विचारत नाही वानखेडेवर कधी जाणार म्हणून.

कोइम्बतूरचे करिवर्धन होते, त्यांनी ८० च्या दशकाच्या शेवटी मारुती ८०० चं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती नावाची सिंगल सीटर (एकाच सीटची रेस गाडी) बनवली, स्वस्तात पोरं रेस करायला लागली. नारायण कार्तिकेयन त्याच गाडीतून सुरुवात करून २००५ ला जॉर्डन टीममधून एफ१ ला गेला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या गाड्यांवर आणि नंतर त्या धर्तीवरच्या गाड्यांवर शिकलेले कितीतरी लोक आज कोच आहेत, टीम चालवतात, रेस इंजिनिअर आहेत. करिवर्धन १९९५ ला विमान अपघातात गेले, कोइम्बतूरचा करी स्पीडवे त्यांच्याच नावाचा. एलजीबी गाडी त्याच परंपरेतली. खालच्या पायरीची गाडी स्वस्त असली पाहिजे आणि सगळ्यांची सारखी असली पाहिजे, मग ड्रायव्हर कोण हे दिसतं, माझं तरी हेच मत.

मामा तुमच्यासाठी, २६ ला एफ१ नाही पण रेसिंग आहे की. जेकेचा नोव्हिस कप नवख्यांसाठीच असतो, १३०० सीसीच्याच सिंगल सीटर. एफएमएससीआयचं (आपल्या देशातली मोटरस्पोर्टची संघटना) कॉम्पिटिशन लायसन्स काढायचं, मेडिकल सर्टिफिकेट लागतं, टीमवाले सगळं सांगतात. टपावाल्या गाडीत बसायचं असेल तर फोक्सवॅगनवाल्यांनी २०१० च्या पोलो कपपासून असल्या रेस केल्यात, एकसारख्या गाड्या, टीमचा ताप नाही, पैसे भरा आणि चालवा, सध्या चालू आहे का ते विचारून घ्या. तेही जड वाटलं तर ऑटोक्रॉस, माळावर कोन लावून एकेक गाडी सोडतात, स्वतःची गाडी आणि हेल्मेट पुरतं. नाशिक, पुण्याकडे रॅलीवाले पुष्कळ आहेत, त्यांना विचारा.

सांगलीचा_मामा:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. ताई, एकच विचारतो, कोल्हापूरला नेल्यावर पोरात दम आहे की नाही हे आपल्यासारख्याला कसं कळणार? तो वेगात जातो एवढंच मला दिसतं.

कार्टवाली_आई:
बेस्ट लॅप बघूच नका. टायमिंगचा कागद देतात तो घ्या आणि एका सेशनमधले सगळे लॅप बघा, शेवटचे चार-पाच एकमेकांच्या जवळ आहेत का ते. पुढच्या वेळी दुसरी कार्ट घ्यायला लावा आणि परत तेच बघा. आणि पावसात ट्रॅक चालू असेल तर मुद्दाम न्या, ओल्यात पाय किती हलका आहे ते लगेच दिसतं. दाजींना पण सोबत न्या, त्यांना बसवा एकदा.

ट्रेलब्रेक_पुणे:
+१. आणि जमलं तर एखाद्या शनिवार-रविवारी चेन्नईच्या एमएमआरटी रेस ट्रॅकला (आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात) नॅशनल राऊंड बघायला न्या, पॅडॉकमध्ये म्हणजे टीम गाड्या ठेवतात तिथे फिरवा, टीमवाल्यांशी बोलू द्या. मामा तुम्ही मार्शल (ट्रॅकवर झेंडे दाखवणारे, मदत करणारे) म्हणून नाव द्या, क्लब ट्रेनिंग देतो, ट्रॅकच्या कडेला उभं राहून रेस बघायला मिळते.

सांगलीचा_मामा:
मार्शलचं भारी आहे, ह्याचा विचारच केला नव्हता. दाजींना कार्टमध्ये बसवायचं तेवढं अवघड दिसतंय, पोट आडवं येतंय 😂 दिवाळीच्या सुट्टीत नेतो, लॅपचा कागद इथे टाकतो.