वावरातल्या चहासाठी खुली पत्ती घ्याव का टी बॅग? मदत हवी आहे
भौ लोकहो, कापूस वेचाले 12 बाया येतात, दोन टाइम चहा द्या लागते. आतापर्यंत गंजात खुली पत्ती, साखर, अद्रक टाकून उकळलं की झालं. आता पोरगा पुण्याहून टी बॅगचा डबा घेऊन आला, म्हणते गाळणीची कटकट नाही. पण डब्यावर पाह्यलं तं 25 बॅगा, एकीत 2 ग्रॅम, म्हणजे पत्ती सगळी मिळून 50 ग्रॅमच अन् डबा एका दिवसात खतम! एक फोडून पाह्यली, आत निरी भुकटी. दुधात बुडवली तं रंगच येईना, बाया म्हणे धुवण पाजता का. खुल्यात दाणेदार सीटीसी (मशीनीत चुरून बारीक गोळ्या केलेली पत्ती) जास्त पुरते का डस्ट (एकदम बारीक भुकटी पत्ती)? कोणाले अनुभव असन तं सांगा, बजेट टाइट हाय.