मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये आईच्या होम केअरचं बिल आणि कौन्सिलने हिशेबात धरलेली माणची जमीन

मिडलंडकर

आईचं वय ८२, ब्रिटिश नागरिक, स्वतःच्या घरात एकटी राहते. हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) लावून दिलेली केअरर सकाळ-संध्याकाळ येते. आठवड्याला १० तास, तासाला २४ पौंड. आता कौन्सिल म्हणते की पूर्ण २४० पौंड तुम्हीच भरा, वर अरेंजमेंट फी (केअर लावून देण्याची) वेगळी.

उत्पन्न, दर आठवड्याला: स्टेट पेन्शन १७६.४५, नोकरीचं पेन्शन ६२, अटेंडन्स अलाउन्स (वृद्धांना काळजीसाठी मिळणारा सरकारी भत्ता, वरचा दर) ११०.४०. बँकेत १७,६०० पौंड. कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर) एकटीची सूट जाऊन आठवड्याला ३० पडतो.

घोळ जमिनीचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात १ हेक्टर २० आर वडिलोपार्जित जिरायत आहे, सातबाऱ्यावर आई आणि दोन मामा. फॉर्मवर ती खरी खरी लिहिली. कौन्सिलने रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) सगळ्याचे २७ लाख धरले, त्याचे तीन भाग केले आणि ११५ रुपयांच्या दराने आईच्या नावावर ७,८२६ पौंड लावले. एकूण २५,४२६, म्हणजे मर्यादेच्या वर.

१) हे बरोबर आहे का? २) मामा म्हणतात, हक्कसोडपत्र करून टाकू, विषय संपला. करावं का? ३) राहतं घरही पुढे धरतील का?

हिशेबतपासनीस

तिसऱ्याचं आधी. केअर घरी घेत असताना राहत्या घराची किंमत धरत नाहीत. कायमचं केअर होममध्ये जावं लागलं तर नियम वेगळे.

दुसऱ्याचं उत्तर: अजिबात नको. केअर सुरू झाल्यावर आणि बिल हातात पडल्यावर हिस्सा सोडला तर तो मुद्दाम मालमत्ता घालवल्याचा ढळढळीत नमुना ठरेल. हिस्सा अजून आईकडेच आहे असं मानून कौन्सिल तीच रक्कम धरू शकते, आणि केअर ॲक्ट २०१४ च्या कलम ७० खाली ज्यांना तो मिळाला त्यांच्याकडे वसुलीही लावू शकते. जमीनही गेली आणि बिलही तेवढंच, असं होईल.

आता पहिला प्रश्न. बचत-मालमत्तेच्या मर्यादा दोन आहेत: वरची २३,२५०, खालची १४,२५०. वरच्याच्या पुढे गेलात की कौन्सिल उत्पन्नाकडे बघतही नाही, पूर्ण खर्च तुमचा. त्यामुळे तुमचं सगळं भांडण या जमिनीच्या आकड्यावर आहे, आणि तो आकडा दोन ठिकाणी चुकलाय.

एक, विक्रीला खर्च येणार असेल तर मालमत्तेच्या किमतीतून १० टक्के वजा करायचे असतात. ते केलेले दिसत नाहीत. पण एवढ्याने भागणार नाही: ७,०४३ होतात, बेरीज २४,६४३.

दोन, आणि खरा मुद्दा हाच. सामाईक बँक खातं असेल तर सरळ समान भाग करतात. जमिनीला तो नियम नाही. जमिनीत आईच्या *हिश्श्याला* खुशीने घेणारा गिऱ्हाईक किती देईल, बाकीच्यांचे हक्क तसेच ठेवून, ती किंमत धरायची. एकूण किमतीला तीनने भागणं म्हणजे ती किंमत नव्हे. वाटप न झालेला एक तृतीयांश घेणाऱ्याला पुढे मोजणी, वाटपाचा दावा, मामांशी बोलणी हे सगळं विकत घ्यावं लागतं. तो भाव पाडूनच मागणार.

साताराबाहेर

शिवाय तो पैसा भारतातून बाहेर काढता येत नाही, असं लिहून द्या ना. परदेशातली मालमत्ता इकडे आणता येत नसेल तर वेगळा नियम आहे.

हिशेबतपासनीस

नियम आहे, पण तो इथे लागत नाही. विक्रीचे पैसे एनआरओ (अनिवासींच्या) खात्यात जमा करून कर भरल्यावर आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. सीएचं प्रमाणपत्र लागतं, बँक खेटे घालायला लावते, पण बंदी नाही. असला दावा केला आणि अधिकाऱ्याने तपासला, तर खऱ्या मुद्द्यावरचाही विश्वास जाईल.

उंबरठा

पुरावा कसा जमवायचा ते सांगते. डिजिटल सहीचा सातबारा आणि ८-अ (खातेउतारा) महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून मिळतो. वारसाची नोंद झाली तो फेरफारही काढा. सातबाऱ्यातली गाव नमुना १२ ची पीकपाहणी हवीच. जमीन मामा कसतात हे तिथे दिसतं, आणि ताबा दुसऱ्याचा असला की हिश्श्याचा भाव आणखी उतरतो. सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करा आणि क्षेत्र चौरस मीटरमध्येही लिहायला सांगा. "१.२०.००" हा आकडा इथल्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही.

मग साताऱ्यातला नोंदणीकृत मूल्यांकनकार. त्याला नुसतं "व्हॅल्युएशन द्या" म्हणालात तर तो रेडी रेकनर पुढे करेल, आणि तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. लेखी प्रश्न असा द्या: अविभक्त एक तृतीयांश हिस्सा, मोजणी व वाटप न होता, आजच्या खुल्या बाजारात कितीला जाईल? घट किती टक्के आणि का, ते अहवालात यायला हवं. आई ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) असेल तर शेतजमीन भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात घेणारा सहसा शेतकरीच लागतो. गिऱ्हाईक किती थोडे, हेही त्यात येऊ द्या.

एक सावधगिरी. जमीन रस्त्याला लागून असेल तर बाजारभाव रेडी रेकनरच्या कितीतरी वर असू शकतो. अहवालाचे पैसे भरण्याआधी गावात झालेले व्यवहार विचारून घ्या.

हिशेबतपासनीस

समजा अहवालात २५ टक्के घट आली. ९ लाखांचे ६.७५ लाख, म्हणजे ५,८७०, त्यातून १० टक्के गेले की ५,२८३. बँकेतले मिळवून २२,८८३. आलात मर्यादेच्या आत. मग उत्पन्नाचा हिशेब सुरू होतो, २०२५-२६ च्या दरांनी:

पेन्शनं आणि अलाउन्स मिळून ३४८.८५. खालच्या मर्यादेवरच्या प्रत्येक २५० पौंडांना (उरलेल्या तुकड्यालाही) आठवड्याला १ पौंड उत्पन्न मानतात. ८,६३३ चे झाले ३५. एकूण ३८३.८५. त्यातून किमान उत्पन्नाची हमी (आईच्या हातात ठेवावीच लागणारी रक्कम) २३२.६० वजा, कौन्सिल टॅक्स ३० वजा. उरले १२१.२५.

यातून अजून अपंगत्वामुळे होणारा खर्च वजा व्हायचाय. अटेंडन्स अलाउन्स उत्पन्नात धरला की हा खर्च सोडणं कौन्सिलला बंधनकारक आहे, पण मागितल्याशिवाय फार क्वचित मिळतो. गळ्यातला अलार्म ५.५०, जादा धुणं ६, बागेचं काम ४, सरासरीपेक्षा जास्तीचं हीटिंग ९ असं धरलं तर २४.५०. आठवड्याचं बिल ९६.७५. कुठे २४०, कुठे हे. पावत्या मागतील, विशेषतः हीटिंगची वर्षभराची बिलं.

मर्यादेच्या आत आलात की अरेंजमेंट फीही लावता येत नाही. भरली असेल तर परत मागा.

साताराबाहेर

पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना सरकारकडून मिळणारी भर) घेतलंय का? एकटी राहते, वरचा अटेंडन्स अलाउन्स आहे, कोणी तिच्यासाठी केअरर्स अलाउन्स (काळजी घेणाऱ्याचा भत्ता) घेत नसेल तर गंभीर अपंगत्वाची भर मिळते. २०२५-२६ मध्ये २२७.१० अधिक ८२.९०, म्हणजे ३१० पर्यंत.

हिशेबतपासनीस

बरोबर. तिथे १०,००० च्या वर दर ५०० ला १ पौंड मानतात, म्हणजे २२,८८३ वर २६. पेन्शनांसह २६४.४५, क्रेडिट ४५.५५. पण हुरळून जाऊ नका. ही रक्कम कौन्सिल उत्पन्नात धरते, त्यामुळे बिल तेवढंच वाढतं. कौन्सिल टॅक्स माफ झाला की त्याची वजावटही जाते. हातात उरतं ते बाजूचं: ७५ च्या पुढे टीव्ही लायसन्स फुकट, वॉर्म होम डिस्काउंटचे (वीजबिलातली सूट) १५० पौंड. तरी अर्ज करा. केअरचे तास कमी झाले तर तो पैसा आईचाच.

मिडलंडकर

खूप आभार. जमिनीचा असा विचार केलाच नव्हता. अहवाल येईपर्यंत बिल थांबवू का? आणि हॉस्पिटलमधून आल्या दिवसापासूनचं बिल लावलंय, ते बरोबर आहे?

उंबरठा

थांबवू नका. निदान ९६.७५ च्या आसपास भरत राहा आणि बाकी रक्कम वादात आहे असं लेखी कळवा. पैसे थकले म्हणून कौन्सिलला आईची गरज भागवणं थांबवता येत नाही, पण थकबाकी मागे लागते.

पहिल्या दिवसांचं बिल नीट बघा. पुन्हा स्वतःचं स्वतः करता यावं म्हणून दिलेली रिएबलमेंट सेवा असेल तर ती सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते. डिस्चार्जच्या कागदावर काय शब्द आहे ते शोधा. उपकरणं आणि एक हजार पौंडांपर्यंतचे किरकोळ फेरबदलही (बाथरूममधले दांडे, रॅम्प) मोफत.

क्रम असा: आधी आर्थिक मूल्यांकनाचा लेखी तपशील मागा, मग फेरतपासणी, मग औपचारिक तक्रार. तिथेही अडलं तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी). साधारण १२ महिन्यांच्या आत जावं लागतं आणि आधी कौन्सिलकडे तक्रार केलेली लागते. प्रत्येक पत्रात "शुल्क सुरू झाल्या तारखेपासून दुरुस्ती" हे घाला, नाहीतर पत्राच्या तारखेपासूनच बदल करून मोकळे होतात.

साताराबाहेर

पुढे धागा वाचणाऱ्यांसाठी: हे सगळं इंग्लंडचं आहे. स्कॉटलंडमध्ये पर्सनल केअर मोफत आहे, वेल्समध्ये घरच्या केअरला आठवड्याला १०० पौंडांची कमाल मर्यादा आहे. आणि इंग्लंडमध्ये केअरखर्चाच्या ८६,००० पौंडांच्या आजन्म मर्यादेची वाट बघू नका, ती योजना जुलै २०२४ मध्ये गुंडाळली.