आजीचं प्रशिक्षण कोण घेणार?

लहान मुलांच्या वाढीसाठी अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण वाढवा, असं म्हणतात ते बरोबरच. पण तीन वर्षांखालचं पोर अंगणवाडीत असतंच कुठे? आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडे आई मजुरीला गेली की ते आजीच्या, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर. केंद्र सरकारच्या 2024 च्या 'नवचेतना' आराखड्यात या वयासाठी 140 उपक्रम दिलेत, पण ते आजीला सांगायचे तर पावरीतूनच, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीतूनच सांगावे लागतात.

ओळखीतली एक सेविका गृहभेटीला तक्ताबिक्ता काही नेत नाही. आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत असली की शेजारी बसते, पोराला टरफलं वेगळ्या टोपलीत टाकायला लावते आणि आजीला म्हणते, "आता तुम्ही बोला त्याच्याशी." (दाणा नाका-तोंडात जाणार नाही यावर मात्र डोळा हवा!) प्रशिक्षणात मात्र या सेविकेला बहुतेक वेळ मोबाइलवर नोंदी कशा भरायच्या तेच शिकवलं.