शून्य टक्क्यांवर कर्ज हलवायचं का? (‘फुकट पैसा’वाल्या पोस्टला उत्तर)

रेघोटी:
काल इथेच एकांनी लिहिलं, ‘क्रेडिट कार्डाची थकबाकी शून्य टक्केवाल्या दुसऱ्या कार्डावर हलवा, फुकट पैसा आहे, डोळे मिटून घ्या.’ खाली ‘+१’ची रांग. माझं उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

योजना अशी: नवी बँक जुन्या कार्डाची थकबाकी फेडते आणि ठरावीक महिने त्यावर व्याज घेत नाही. एक लाखाची थकबाकी धरा. हलवण्याचं शुल्क ३ टक्के, म्हणजे पहिल्याच दिवशी देणं १ लाख ३ हजार. शून्य टक्क्यांची मुदत १२ महिने. तुम्ही दरमहा फक्त बिलावरची किमान रक्कम भरत राहिलात आणि ती बाकीच्या ५ टक्के असली, तर मुदत संपते तेव्हा ५५ हजारांहून जास्त उरलेले असतात. त्यावर मग नेहमीचा दर सुरू. बँकेला हे आधीपासून माहीत असतं, म्हणून तर ती बोलावते.

दरमहा साधारण ८,६०० काढता येत असतील तरच या वाटेला जा. नसतील तर आधी खर्चाची वही उघडा.

चक्रवाढ:
हे ‘तरच’ साफ चुकीचं आहे. जुन्या कार्डावर महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६ नव्हे, चक्रवाढीने साडेबेचाळीस. हलवण्याचं शुल्क म्हणजे जुन्या कार्डाचं एका महिन्याचं व्याज. पुढचे अकरा महिने निव्वळ फायदा. तेच ८,६०० जुन्या कार्डावर भरा, पंधरावा हप्ता लागतो आणि व्याजात २५ हजारांच्या आसपास जातात.

आणि तुमचं किमान रकमेचं उदाहरण अर्धंच आहे. तसाच माणूस जुन्या कार्डावर राहिला असता तर वर्षाने ७७ हजार उरले असते. ५५ वाईट की ७७? पैसे कमी असलेल्यालाच तर याची जास्त गरज आहे, आणि तुम्ही त्यालाच दारातून परत पाठवताय.

रेघोटी:
७७चा आकडा करून पाहिला, बरोबर आहे. पण तुम्ही धरलंय की जुनं कार्ड कपाटात पडून राहील. तसं होत नाही.

उंबरठा:
नाहीच होत. माझ्या धाकट्या भावाने हेच केलं. जुन्या कार्डाची मर्यादा पूर्ण मोकळी दिसायला लागली, महिनाभर हात आवरला, मग हळूहळू तेही भरलं. वर नव्या कार्डावर किरकोळ खरेदी. हलवलेली बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बहुतेक ठिकाणी बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. वहिनीला कधी कळलं? वसुलीवाल्यांचा फोन तिच्या मोबाइलवर आला तेव्हा. शून्य टक्के घ्या नाहीतर शंभर घ्या, आधी घरात सांगा.

सरळरेषा:
हे घरात सांगायचं कुठून आलं? कार्ड माझ्या नावावर, फेडणारी मी. सांगितलं की वर्षभर प्रत्येक खरेदीवर नजर. माझ्या मैत्रिणीने नवऱ्याला सांगितलं आणि तिला स्वतःच्या पगारातून चपला घ्यायचीही चोरी झाली. ती गपचूप फेडून मोकळी झाली असती.

उंबरठा:
ताई, फोन आला तेव्हा वहिनी मुलाला शाळेतून आणत होती. रस्त्यात उभं राहून तिने नवऱ्याच्या कर्जाचा आकडा परक्या माणसाकडून ऐकला. ‘फेडणारी मी’ म्हणणं सोपं आहे. हप्ता चुकला की घरखर्चातूनच जातो ना?

सरळरेषा:
तुमच्या भावाने लपवलं आणि फेडलंही नाही. मी फेडणाऱ्यांबद्दल बोलतेय. दोन्ही एका मापाने मोजू नका. आणि ‘सोपं आहे’ वगैरे मला सांगू नका, तुम्हाला माझं घर माहीत नाही.

चक्रवाढ:
धागा व्याजावर आहे. नवराबायकोचं वेगळीकडे घ्या.

उंबरठा:
व्याज कोण भरतं, यंत्र? माणसंच भरतात. ज्या घरात दोघांना आकडा माहीत असतो तिथे ते ८,६०० निघतात, एवढंच मी म्हणतोय.

सरळरेषा:
जिथे सांगून धाक वाढत नाही तिथे सांगावं, हे मान्य. सरसकट सल्ला म्हणून मान्य नाही. यावर माझ्याकडून शेवटचं.

पाटीपेन्सिल:
मूळ मुद्द्यावर येते. माझी तक्रार बँकेवर आहे. मुदत कार्ड मंजूर झाल्या तारखेपासून धरली आणि पैसे हलवायलाच त्यांनी तीन आठवडे लावले. शून्य टक्क्यांतला तेवढा काळ हवेत. विचारलं तर ‘अटींमध्ये आहे’. होतं, बारीक अक्षरात. त्याच पानावर पुढे, एक हप्ता उशिरा गेला तर सवलत रद्द. आणि ‘बँकेला माहीत असतं’ हे लिहून रेघोटीताई थांबल्या, तिथेच जोर द्यायला हवा होता. किमान रक्कम बिलावर ठळक, आणि तेवढीच भरली तर फिटायला किती वर्षं लागतील ते बारीक. हे उलट छापायला लावलं पाहिजे.

चक्रवाढ:
छपाईबद्दल शंभर टक्के सहमत. पण यातली एकही गोष्ट कर्ज न हलवण्याचं कारण होत नाही. हप्ता बँकेतून आपोआप कापायची सोय लावा, उशिराचा प्रश्न मिटला.

रेघोटी:
ठीक, ‘तरच’ मागे घेते. ८,६०० निघत नसतील तरीही हलवणं जुन्या कार्डावर कुढत बसण्यापेक्षा बरं, पण जुन्या कार्डाची मर्यादा त्याच दिवशी अगदी खाली आणून घेतली असेल तर. ‘डोळे मिटून’ला माझा विरोध आहे तसाच आहे.

चक्रवाढ:
मर्यादा कमी करायला हरकत नाही, पतगुणांकाला (कर्ज देताना बँका पाहतात तो आकडा) थोडा फटका बसेल तेवढा सोसा. कार्ड लगेच बंद मात्र करू नका. बंद केलं की ती मर्यादा पूर्णच जाते, एकूण मर्यादेपैकी किती वापरली ते प्रमाण आणखी वाढलेलं दिसतं आणि फटका जास्त बसतो.

पाटीपेन्सिल:
आणि पैसे हलल्याचं जुन्या बिलावर दिसेपर्यंत तिथला हप्ता चालू ठेवा. हललेत असं दिसलं तरी पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतंच. ते भरायचं राहिलं की उशिराचा दंड, तोही ज्या कार्डावर आता काही देणं नाही असं आपण धरून चाललोय त्यावर.