पायांच्या फुगलेल्या शिरा आणि गोव्यातलं रोजचं जेवण: नेमकं काय बदलायचं?

शुक्रवारचा_बाजार (म्हापसा):
आईचं वय ५४, उंची पाच फूट, वजन ७४ किलो. दुकानात दिवसाचे आठ-नऊ तास उभं राहून काम. दोन्ही पोटऱ्यांवर शिरा फुगल्यात, संध्याकाळी घोटे सुजतात आणि सकाळपर्यंत उतरतात. डॉपलर (शिरांतल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) झाला आहे: डाव्या पायातल्या कातडीलगतच्या मोठ्या शिरेच्या झडपा गळतात, गुठळी नाही. पायांवर दाब देणारे मोजे दिलेत, लेझरचं पुढे बघू म्हणालेत. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू आहे. पोट दोन-तीन दिवसांनी साफ होतं. सकाळी पाव-पातळभाजी, दुपारी शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी) आणि तोंडी लावायला सुकी मासळी, रात्री पेज-लोणचं. घरात प्रत्येकाचा सल्ला वेगळा: नारळ बंद कर, लसूण खा, बीट खा. आहारात खरोखर काय बदलावं?

तांबडीभाजी:
आधी एक घोळ सोडवूया. तूप, नारळ, तेल यांनी ‘नळी तुंबते’ म्हणतात ते धमन्यांबद्दल, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांबद्दल. आईंचा त्रास शिरांचा आहे. तिथे काही साचलेलं नाही. रक्त वर चढताना मागे येऊ नये म्हणून असलेल्या झडपा सैल पडल्यात. सैल झालेली झडप बीट, लसूण, व्हिनेगर कशानेही पुन्हा घट्ट होत नाही. जेवणाने होतं ते एवढंच, की त्या झडपेवरचा भार हलका होतो. पण तेही थोडंथोडकं नाही. निश्चल उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, चालताना पोटरी पंपासारखी दाबली जाते आणि तो २०-३० वर उतरतो. संडासला जोर केला की पोटातला दाब त्यावर चढतो. पोटाचा घेर वाढला तर तो दाब दिवसभर राहतो.

म्हणून आईंच्या बाबतीत पहिलं काम बद्धकोष्ठ. डेनिस बर्किट या सर्जनने १९७२ मध्ये कमी चोथ्याचं (तंतुमय भागाचं) जेवण आणि फुगलेल्या शिरा यांचा संबंध मांडला होता. नंतरच्या पाहण्यांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत, त्यामुळे ‘चोथा खाल्ला की शिरा बऱ्या होतात’ असं कुणी सांगितलं तर मानू नका. जोर करणं थांबवणं मात्र नक्की फायद्याचं, आणि मूळव्याधही टळते.

मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा हवा. पाव-पेजेच्या जेवणात त्याच्या निम्माही जात नाही. आपल्याच स्वयंपाकघरातून हिशेब असा बसतो: ३० ग्रॅम नाचणीच्या पिठाचं आंबील ३ ग्रॅम, ४० ग्रॅम कोरड्या अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे रस्सा, साडेचार, दीडशे ग्रॅम तांबडी भाजी (लाल माठ) ६ ते ७, एक मध्यम पेरू बियांसकट ८, दोन चपात्या ६. भात उकडा आणि लाल कोंड्यासकट असेल तर आणखी दोन-तीन. पांढरा शुभ्र पॉलिशचा उकडा असेल तर फारसं काही नाही. पावाऐवजी पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) घ्या, पण मोडून आतला रंग बघा. हल्ली बरीच पोई मैद्याची असते, वरून कोंडा भुरभुरलेला. आतून करडी-तपकिरी असेल तीच कामाची.

हे सगळं एका दिवसात सुरू करू नका. आठवड्याला ५ ग्रॅम वाढवा, नाहीतर पोट फुगतं, माणूस कंटाळतो आणि पुन्हा पावावर येतो. पाणी दोन ते अडीच लिटर. बाजारात उभ्या राहणाऱ्या बायका शौचालयाच्या अडचणीमुळे मुद्दाम पाणी कमी पितात. मल कडक होण्यामागे हे फार मोठं कारण असतं आणि डॉक्टरांपुढे ते कुणी बोलत नाही. सकाळी उठल्यावर दोन भांडी, दुकान उघडण्याआधी नाश्ता, आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासात संडासला बसणं: त्या वेळी आतडं आपोआप हलतं. कमोड असेल तर पायांखाली १५-२० सेंटीमीटर उंच पाट ठेवा. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, जोर करायचा नाही.

कॅल्शियमच्या गोळीनेही पोट जड होतं, विशेषतः कार्बोनेटच्या. गोळी बदलता येईल का ते विचारा.

खाजनकाठ:
वरचं सगळं बरोबर, पण संध्याकाळच्या सुजेसाठी मिठाकडे बघायला हवं. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे आणि त्यात सगळं आलं. चार माणसांच्या घरात स्वयंपाकालाच महिन्याला किलोभर मीठ संपत असेल तर माणशी रोज ८ ग्रॅम झाले, तेही लोणचं-खारं सोडून. लोणच्यात किलोभर कैरीला दीडशे-दोनशे ग्रॅम मीठ पडतं, म्हणजे १५ ग्रॅमच्या एका फोडीतून दीड-दोन ग्रॅम. चेपणीची तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) आणि पारा (सुक्या मासळीचं लोणचं) यांचीही तीच गत.

सुकी मासळी सोडायला सांगणार नाही, पण खारवलेली आणि नुसती उन्हात वाळवलेली यांत फरक करा. खारा बांगडा कोमट पाण्यात अर्धा तास, दोनदा पाणी बदलून भिजवा आणि त्या दिवशी हुमणात मीठ घालू नका. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) गालम्याची (बारीक सुक्या कोळंबीची) करत असाल तर गालमो चाखून मगच मीठ. पेजेबरोबर लोणच्याऐवजी अळसांदे किंवा मुगाची सुकी उसळ घेतली तर मीठही कमी आणि चोथाही. ‘कमी सोडियम’वालं मीठ परस्पर आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या असतील तर ते धोक्याचं.

आणि एक महत्त्वाचं. अ‍ॅम्लोडिपिननेही दोन्ही घोटे सुजतात. त्या गोळीने बारीक धमन्या सैलावतात, केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. ही सूज मीठ तोडून फारशी उतरत नाही. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढवल्यावर सूज वाढली का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

डिचोलीची_वाट:
आमच्याकडे जुन्या गुठळीसाठी वॉरफॅरिन ही रक्त गोठू न देणारी गोळी चालू आहे. तांबडी भाजी, तायखिळो (टाकळा) बंद करायला सांगतात ते बरोबर का?

तांबडीभाजी:
बंद नाही, सारखी ठेवा. हिरव्या-तांबड्या पालेभाजीतलं के जीवनसत्त्व वॉरफॅरिनच्या उलट काम करतं. आठवडाभर पाला नाही आणि श्रावणात रोज दोन वाट्या, असं झालं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) वरखाली होतो: भाजी एकदम वाढली तर गुठळीचा धोका, एकदम थांबली तर रक्तस्रावाचा. आठवड्यातून चार दिवस एक वाटी खात असाल तर वर्षभर तेवढीच खा, आणि बदलायचं असेल तर आधी सांगून तपासणी करून घ्या. लसणाच्या, हळदीच्या गोळ्या घेऊ नका. फोडणीतला लसूण चालतो. फेणी टाळा. रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्यांना पालेभाजीचं बंधन नाही. मात्र रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही.

शुक्रवारचा_बाजार:
आभार. इसबगोल चालेल का? आणि वजन किती उतरवायचं?

खाजनकाठ:
इसबगोल एक चमचा, पूर्ण भांडंभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धं भांडं पाणी. कोरडं तोंडात टाकलं तर घशात फुगतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. वजन सहा महिन्यांत ४-५ किलो उतरलं तरी पायांना फरक जाणवेल. दुपारचं शीत एक वाटी कमी, तेवढीच भाजी जास्त. दुकानात दर तासाला वीस वेळा टाचा उचलायच्या, आणि मोजे सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी चढवायचे.

सूज एकाच पायाला अचानक आली, पोटरी गरम आणि दुखरी झाली तर जेवणाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवा. सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर लगेच १०८. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर आडवं करून पाय छातीच्या वर उचला आणि स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाबून धरा, वर दोरी बांधू नका.