मदत हवी आहे: खुफूच्या पिरॅमिडमधल्या ग्रॅनाइटच्या तुळया वर कशा चढवल्या?

मंडळी, गीझाच्या मोठ्या, म्हणजे खुफू राजाच्या, पिरॅमिडबद्दल एका जागी अडकलोय. नाईलपलीकडच्या तुरा इथल्या खाणीतला चुनखडक होड्यांतून यायचा, हे २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठच्या वादी अल-जर्फला सापडलेल्या, मेरर नावाच्या मुकादमाच्या रोजनिशीवरून कळतं. वाळू बेताची ओली केली की लाकडी घसरगाडी ओढायला हलकी जाते, हेही पटतं.

पण राजाच्या दालनावरच्या, अस्वानहून आणलेल्या अवजड तुळया चाळीस मीटरच्या वर कशा नेल्या? सरळ उतार बांधायचा तर त्यालाच केवढी भर लागेल! इजिप्तमधल्याच हतनूब इथल्या दगडाच्या खाणीत सापडलेला तीव्र उतार, दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांची भोकं असलेला, मला जास्त पटतो. खांबांना दोर गुंडाळून पन्नासेक टन पेलतील का? बांधकामात किंवा क्रेनवर काम केलेलं कुणी हा हिशेब समजावून सांगेल का?