आईला नवेगावबांधला न्यायचंय, व्हॅन कशी तयार करू?

(नागपुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा; नावाऐवजी फ्लॅट नंबर)

सी-३०१ : नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात जुनी व्हॅन घेतली ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. आईचं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. तिथे आता कोणी राहिलं नाही, पण नवेगावबांधच्या तलावावर पहाटे हिवाळी पाखरं उतरतात ते तिला पुन्हा एकदा पाहायचंय. डिसेंबरात दोन रात्री गाडीतच झोपायचा विचार करून राहिलो. तिघं जण आहोत, खर्चाला तीस हजार. कोणी केलंय का असं?

ए-१०४ : मस्त. गाडीत एसी बसवून टाका भाऊ, वरून इन्व्हर्टर.

बी-४०२ : थांबा. मी चार वर्षांपूर्वी माझ्या व्हॅनचं केलंय, सविस्तर लिहितो. एसीचं आधी डोक्यातून काढा. एक टनाचा एसी रात्रभरात पाच युनिट, म्हणजे ५००० वॅट-तास, सहज खातो. माझ्याकडे १२ व्होल्टची, ४२ एएचची (अँपिअर-तास) सीलबंद बॅटरी आहे. १२ गुणिले ४२, म्हणजे साधारण ५०० वॅट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून वापरायचे २५०. एसीसाठी अशा वीस बॅटऱ्या लागतील. त्यात डिसेंबर आहे, एसी हवाच कशाला?

सी-३०१ : मग २५० मध्ये काय काय चालतं काका?

बी-४०२ : तुम्हाला लागतं ते सगळं. १२ व्होल्टचा पंखा १५ वॅटचा, आठ तास चालला तर १२०. एलईडी पट्टी ६ वॅटची, चार तासांचे २४. दोन मोबाईल धरा ३०. झाले १७४. इन्व्हर्टर घेऊच नका, सगळं १२ व्होल्टवरच ठेवा. टपावर १०० वॅटचं पॅनल आणि मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊ देत नाही तो), एवढ्यावर हिवाळ्यातल्या एका दिवसाच्या उन्हात रात्रीचं सगळं भरून निघतं. बॅटरी, पॅनल, कंट्रोलर, वायर मिळून मला साडेअकरा हजार लागले होते. सगळं सीताबर्डीत, मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरून घेतलं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज लावा. पंधरा-वीस रुपयांची वस्तू आहे. पत्र्यावर वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूजशिवाय ती लाल होते, आणि वर तुमची आई झोपलेली असेल.

डी-२०२ : 🙏 हे महत्त्वाचं. आमच्या गाडीला इलेक्ट्रिशियनने लावलाच नव्हता, उद्या बघते.

ए-१०४ : बरं, एसी सोडा. पण थंडीचं काय? डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता. रात्री निखाऱ्यांची शेगडी आत ठेवली तर ऊब राहील.

बी-४०२ : नाही! शेगडी बंद गाडीत कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपतो तो उठतच नाही. इंजिन चालू ठेवून झोपणंही तसंच. रजई, पायमोजे, कानटोपी, गरम पाण्याची पिशवी, एवढ्यावर भागवा. आणि दोन बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवा, नाहीतर तिघांच्या श्वासाने पहाटे छताला पाणी सुटतं आणि पांघरूण ओलं होतं. उघड्या फटीला आतून जाळी, कडेला चुंबकाची पट्टी. गांधीबागेतून जाळी मीटरवर आणा आणि घरीच शिवा.

ए-१०४ : बरोबर आहे काका, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डी-२०२ : स्वयंपाकाचं मी सांगते. पाच किलोचा सिलिंडर न्या, पण आत पेटवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचून राहतो. मागचं दार उघडून बाहेर फळीवर शेगडी मांडा, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा. आम्ही रामटेकजवळ खिंडसी तलावाला गेलो तेव्हा वाऱ्याने ज्योत टिकत नव्हती, चहाला अर्धा तास लागला.

सी-३०१ : पलंगाचं मिस्त्री म्हणतो १९ मिमीचं प्लाय, सगळं खालच्या पत्र्याला बोल्टने पक्कं.

बी-४०२ : दोन्ही नको. १९ मिमीची आठ बाय चारची शीट ३५ किलोच्या वर जाते, १२ मिमीची तेवीस-चोवीस किलो. लकडगंजातून १२ मिमीचं वॉटरप्रूफ आणा आणि तीन वेगळ्या पेट्या करा, वर बिजागरीचं झाकण. पेट्या जोडल्या की पलंग, आत भांडी-कपडे. पक्कं केलं की तो गाडीतला बदल होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालत नाही. सीट काढण्याआधीही आरटीओत विचारा. पेट्या मात्र सामान म्हणून जातात आणि सोमवारी उतरवून ठेवता येतात. चालत्या गाडीत त्या रॅचेट पट्ट्याने (खटक्याने ताणून आवळायचा पट्टा) आवळा. ब्रेक लागला की सुटी पेटी थेट ड्रायव्हरच्या पाठीत येते.

सी-१०१ (सेक्रेटरी) : एक विनंती. बॅटरी चार्ज करायला पार्किंगच्या कॉमन मीटरवरून वायर घेऊ नये.

सी-३०१ : घेणार नाही साहेब, पॅनल आहे.

बी-१०३ : बाळा, आईच्या रात्रीचं काय ठरवलंस? गादी, दिवे सगळं झालं. माझे गुडघे गेलेत म्हणून विचारते. अंधारात, दवात, उघड्यावर बसायला आम्हाला जमत नाही. मग आम्ही संध्याकाळपासून पाणीच पीत नाही आणि कोणाला सांगतही नाही.

सी-३०१ : काकू, खरंच सुचलं नव्हतं.

बी-१०३ : मेडिकलच्या दुकानात घडीची कमोड खुर्ची मिळते, खाली झाकणाची बादली. मागच्या दाराला जाड पडदा लाव. माझी एक पडून आहे, ने. आणि चढायला एक पायरी कर, व्हॅनची उंची तिला झेपायची नाही.

बी-४०२ : काकूंचं पहिलं करा, बाकी सगळं नंतर. आणि गाडी तलावाच्या काठाला लावायची नाही, ती हद्द वनखात्याची. पर्यटन संकुलात आधी फोन करून परवानगी घ्या, किंवा गावात ओळखीच्या अंगणात विचारून लावा. तिथून पहाटे निघालात की झालं.

सी-३०१ : आईला आत्ताच वाचून दाखवलं. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं घर अजून गावात आहे म्हणते, तिथेच अंगणात लावू. काका, रविवारी सकाळी मोजपट्टी घेऊन खाली येता का?

बी-४०२ : आठ वाजता. पेट्यांची मापं घेऊन तसंच लकडगंजला जाऊ.

बी-१०३ : जाताना खुर्ची वरून घेऊन जा.